गाडीच्या एसीचा गॅस जातो कुठे?

होळी उलटली, की पुण्यात गाडीच्या एसीची कामे करणाऱ्या गॅरेजांपुढे रांग लागते आणि रांगेतल्या बहुतेकांचे म्हणणे एकच असते, ‘गॅस संपलाय, भरून द्या.’ मीदेखील सलग तीन उन्हाळे हेच म्हटले. तिन्ही वेळा गॅस भरून मिळाला, पावती मिळाली, परतताना सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीतही गारेगार वाटले, आणि तिन्ही वेळा गणपती येईपर्यंत जाळीतून पुन्हा कोमट वारा येऊ लागला. चौथ्या वर्षी मी गॅरेज बदलले. तिथल्या मिस्त्रींनी माझे वाक्य पूर्ण ऐकून घेतले आणि बॉनेट उघडता उघडता विचारले, ‘काका, गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? गेला कुठे, ते आधी बघू.’

या प्रश्नाचा अर्थ कळण्यासाठी एसीच्या आत काय चालते, ते थोडे समजून घ्यावे लागेल. एसीतला गॅस जळत नाही, वापरला जात नाही आणि झिजतही नाही. तो एका बंद वळशात फिरत राहतो. कधी द्रव होतो, कधी वायू होतो, आणि दर फेरीत गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. रबरी नळ्यांमधून आणि सांध्यांमधून वर्षाकाठी काही ग्रॅम गॅस झिरपणे स्वाभाविक आहे, म्हणून पाच-सात वर्षांनी गारवा किंचित कमी झाला तर त्यात वावगे नाही. मात्र दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी छिद्र आहे, एवढा एकच निष्कर्ष त्यातून निघतो.

इंजेक्शन देण्यापूर्वी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, की ती जागा गार पडते, हा अनुभव सर्वांचा आहे. स्पिरिट उडून जाते आणि उडण्यासाठी लागणारी उष्णता आपल्या कातडीतून घेते. माठातले पाणी गार होण्यामागचे कारणही हेच. कोणत्याही द्रवाला वायू होण्यासाठी उष्णता लागते, आणि ती तो शेजाऱ्याकडून ओढून घेतो. आज भारतातल्या बहुसंख्य गाड्यांमध्ये असलेला आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. आता याला कुकरच्या तत्त्वाची जोड द्या. कुकरमध्ये दाब वाढला, की पाणी शंभर अंशांच्या वर उकळते, म्हणजे दाब बदलून उकळण्याचे तापमान हवे तिथे नेता येते. हवेच्या सुमारे तिप्पट दाबाखाली आर-१३४ए शून्य अंशांच्या आसपास उकळतो, आणि सुमारे तेरापट दाबाखाली तोच वायू ५० अंशांना पुन्हा द्रव होतो. गाडीचा एसी हा या दोन दाबांमधला खेळ आहे.

हा खेळ चालवणारे मुख्य भाग पाच. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर थंड, पातळ वायू खेचतो आणि दाबून गरम करतो. रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या तोंडावरच्या जाळीच्या लगेच मागे असलेला कंडेन्सर त्या गरम वायूची उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि वायूचा द्रव होतो. एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा चाळीस अंशांवर असताना ती कुणाला काय थंड करणार, अशी शंका येते. पण दाबल्यामुळे आतला वायू ज्या तापमानाला द्रव होतो तेच ५५-६० अंश असते, आणि त्याच्या मानाने चाळीस अंशांची हवा गारच म्हणायची. तिथून द्रव ड्रायरमधून जातो, जो त्यातला ओलावा आणि कचरा धरून ठेवतो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हचे सुईएवढे छिद्र लागते. त्यातून बाहेर पडताच दाब एकदम कोसळतो, द्रव उकळू लागतो आणि डॅशबोर्डच्या आत दडलेली कूलिंग कॉइल बर्फासारखी होते. ब्लोअर तिच्यावरून हवा फेकतो आणि ती आपल्यापर्यंत येते. उकळून वायू झालेला गॅस परत कॉम्प्रेसरकडे जातो आणि फेरी पूर्ण होते.

या फेरीत गॅसबरोबर आणखी एक जण सतत फिरत असतो, तो म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल. इंजिनाला जसा खाली ऑइलचा साठा असतो, तसा बहुतेक गाड्यांच्या कॉम्प्रेसरला वेगळा नसतो. गॅसच तेल वाहून आणतो आणि कॉम्प्रेसरच्या अंगाला लावतो. म्हणून गॅस कमी झालेला एसी तसाच चालवणे कॉम्प्रेसरच्या जिवावर बेतते, आणि गळतीतून गॅसबरोबर तेलही जात असल्यामुळे नुसता गॅस भरत राहणे आणखी महागात पडते. माझ्या तिन्ही पावत्यांवर गॅस होता, तेलाचा उल्लेख एकाही पावतीवर नव्हता.

तेलाचा दुसरा उपयोग मात्र चोर पकडायला होतो. जिथून गॅस गळतो तिथे तेलाचा ओशट थर येतो आणि त्यावर रस्त्याची धूळ चिकटून काळा डाग बसतो. मिस्त्रींनी माझ्या गाडीच्या कंडेन्सरवर टॉर्च फिरवला, तेव्हा खालच्या उजव्या कोपऱ्यात, नळी जिथे जोडलेली असते त्याच्या बोटभर अलीकडे, रुपयाच्या नाण्याएवढा असा डाग होता. बाकीचा कंडेन्सर राखाडी आणि कोरडा, तेवढीच जागा काळी आणि तुळतुळीत. त्यांनी त्यावर साबणाचे पाणी सोडले. मिनिटभर काही झाले नाही, आणि मग मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. तीन उन्हाळ्यांचे माझे पैसे त्या बुडबुड्यांतून गेले होते.

प्रत्येक गळती इतकी सहज सापडत नाही. कंडेन्सर पुढे असल्याने त्याला खडे, चिखल आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांचे हादरे सोसावे लागतात, त्यामुळे संशयितांत त्याचे नाव पहिले. त्यानंतर सांध्यांमधल्या रबरी ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या पुढच्या दांड्याचे सील आणि गॅस भरण्याच्या तोटीतला छोटा व्हॉल्व्ह येतो. हा व्हॉल्व्ह गाडीच्या टायरमधल्या व्हॉल्व्हसारखाच असतो आणि त्यावरचे प्लॅस्टिकचे टोपण हरवले, की धूळ बसून गळू लागतो. बारीक गळतीसाठी गॅसमध्ये रंगद्रव्य घालतात आणि काही दिवसांनी अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली ते पोपटी चमकते का, ते पाहतात. सर्वांत त्रासदायक गळती कूलिंग कॉइलची, कारण ती दिसत नाही आणि बदलायची म्हणजे बहुतेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागतो. अशा वेळी सुटा भाग स्वस्त आणि मजुरी भारी, असा उलटा हिशेब होतो. म्हणून कॉइलवर बोट ठेवण्यापूर्वी बाकीच्या सगळ्या जागा तपासल्या आहेत का, हे गाडीमालकाने विचारावे. खोललेला डॅशबोर्ड पुन्हा खुळखुळ न करता बसवणारे हात थोडेच असतात.

गॅस किती आहे हे ठरवण्याची पद्धत हा या विषयातला सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. गॅरेजमध्ये लाल आणि निळ्या नळ्यांचे दोन गेज लावतात आणि काट्याकडे पाहून ‘कमी आहे’ किंवा ‘फुल आहे’ असे सांगतात. एसी बंद असताना हे सांगणे अशक्य आहे. घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचे पाहा. तो अर्धा असो वा तळाशी आलेला असो, शेगडीची ज्योत तेवढीच राहते आणि शेवटी एकदम जाते, कारण आत द्रवाचे चार थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावरच ठरतो, साठ्यावर ठरत नाही. आर-१३४ए चेही तसेच. ३० अंशांच्या सावलीत उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही गेज शंभर पीएसआयच्या (चौरस इंचावर पौंड, हे दाबाचे माप) आसपास दाखवतात. आत दीडशे ग्रॅम असोत की साडेचारशे, काटा हलत नाही.

एसी चालू असतानाचे आकडे अधिक बोलके असतात. उन्हाळ्यात उभ्या गाडीत कमी दाबाच्या बाजूला साधारण ३० ते ४५ आणि जास्त दाबाच्या बाजूला २०० ते २५० पीएसआय दिसले, तर प्रकृती बरी समजतात. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त झाला असेल किंवा कंडेन्सरला वारा पुरत नसेल. कमी बाजू वर आणि जास्त बाजू खाली, म्हणजे दोघांमधले अंतरच मिटत चालले असेल, तर कॉम्प्रेसर थकला आहे. कमी बाजूचा काटा शून्याच्या खाली ओढला जात असेल, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला आहे. कुशल मिस्त्री हे काटे वैद्याने नाडी पाहावी तसे पाहतात. असे असले तरी गॅस भरायचा तो वजन करूनच. बॉनेटच्या आत एक लेबल असते, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन छापलेले असते. लहान गाड्यांना बहुधा ४०० ते ६०० ग्रॅम लागतो. अंदाजाने शंभर ग्रॅम जास्त गेला, तर कंडेन्सरमध्ये द्रव साठून जागा अडते, दाब चढतो आणि गारवा उलट घटतो. ‘थोडा जास्त भरा, म्हणजे टिकेल’ ही आपली विनंती म्हणूनच घातक आहे.

गॅस भरण्याआधी यंत्रणा पूर्ण रिकामी करून व्हॅक्यूम मारतात, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून घेतात. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते किंवा पाच मिनिटांत उरकली जाते. व्हॅक्यूमचा हेतू आतली हवा काढणे एवढाच नाही. आत गेलेला ओलावा व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठून वाट अडवतो, आणि तेल व गॅस यांच्या संगतीत आम्ल तयार करून धातू खातो. तो ओलावा पुसून काढता येत नाही, उकळूनच काढावा लागतो. दाब पुरेसा कमी केला, की ३० अंशांचे पाणीही उकळते, आणि पंप ती वाफ ओढून घेतो. मात्र त्याला अर्धा तास तरी द्यावा लागतो. इथे एक पुणेरी बारकावा आहे. पुस्तकांत आणि परदेशी व्हिडिओंत व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे गेला पाहिजे असे सांगतात. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथल्या हवेचाच दाब पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे पंप कितीही उत्तम असला तरी गेज २८ च्या पुढे फारसा जाणार नाही. तेव्हा मुंबईच्या भाच्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून इथल्या मिस्त्रींशी वाद घालू नये.

पंप बंद करून काटा पंधरा मिनिटे जागेवर राहतो का हे पाहणे चांगले, पण तेवढ्यावर विसंबू नये. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलते, तीही जेमतेम एका वातावरणाच्या जोराने. प्रत्यक्षात गॅस आतून बाहेर त्याच्या दसपट जोराने ढकलत असतो. एखादी भेग आत दाबली की मिटते आणि बाहेर दाबली की उघडते. म्हणून खात्रीची चाचणी कोरड्या नायट्रोजनची असते. दीडशे पीएसआयच्या आसपास नायट्रोजन भरून ठेवायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचे. हे काम टायरच्या हवेच्या कॉम्प्रेसरने करणारेही आढळतात; त्या हवेतून ओलावा आत जातो, म्हणजे ज्यासाठी व्हॅक्यूम मारायचा तीच गोष्ट आपण पैसे देऊन भरून घेतो.

गारवा नसण्याचे प्रत्येक कारण गॅसपाशी जात नाही, आणि काही कारणे तर हास्यास्पद वाटावीत इतकी साधी असतात. जाळीतून येणारा वारा थंड आहे पण कमी आहे, असे असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून पाहावा. झाडाखाली लावलेल्या गाड्यांत तिथे गुलमोहराची पाने, पाकळ्या आणि मेट्रोच्या कामाच्या वर्षांतली धूळ यांचा नमदा झालेला असतो. ब्लोअर एक, दोन, तीनवर गप्प आणि चारवर एकदम सुसाट, असे असेल तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेला आहे. हा लहानसा भाग आहे आणि त्यासाठी ब्लोअरची मोटर बदलण्याची गरज नसते. डावीकडच्या माणसाच्या पायाशी मॅट ओली होत असेल, तर कॉइलवर जमलेले पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी मात्र तक्रारीचे कारण नव्हे. थंड कॉइलने हवेतला ओलावा पिळून काढला, त्याची ती खूण आहे.

द्रुतगती मार्गावर एसी उत्तम आणि विद्यापीठ चौकात सिग्नलला थांबले की गरम, ही तक्रार वारंवार ऐकू येते. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो; उभी असताना ते काम पंख्याचे. तेव्हा पहिला संशय पंख्याच्या मोटरवर किंवा तिला वीज सोडणाऱ्या रिलेवर घ्यावा, दुसरा कंडेन्सरच्या पापुद्र्यांत बसलेल्या चिखलावर. तो चिखल हलक्या धारेने धुवावा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार पाण्याचा फवारा जवळून मारला, तर ॲल्युमिनियमचे पापुद्रे आडवे होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. याच्या उलट प्रकार म्हणजे सुरुवातीला तासभर छान गारवा, मग वारा हळूहळू बारीक होत जाणे आणि एसी दहा मिनिटे बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक होणे. इथे कॉइलवर बर्फ साचतो आहे. कॉइल शून्याच्या खाली जाण्याआधी कॉम्प्रेसर थांबवणारा तापमानाचा सेन्सर काम करत नसेल, तर असे होते.

एसीचे बटण दाबल्यावर बॉनेटकडून ‘टक्’ असा आवाज येतो, तो कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या चुंबकीय क्लचचा. आवाज आलाच नाही, तर लगेच कॉम्प्रेसर गेला असे मानू नये. गॅस फार कमी असेल तर दाबाचा स्विच मुद्दाम क्लचला वीज जाऊ देत नाही, आणि फ्यूज, रिले, उंदराने कुरतडलेली वायर हेही दावेदार असतात. काही गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतोच, त्यामुळे तिथे आवाजावरून काही ठरवता येत नाही. कॉम्प्रेसर खरोखर आतून झिजून जाम झाला असेल, तर मात्र काम मोठे असते. त्याचा धातूचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे पसरलेला असतो, आणि नव्या पद्धतीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात, की तो चुरा धुऊन निघत नाही. नुसता कॉम्प्रेसर बदलून दिला, तर जुना चुरा नव्यालाही खातो. त्यामुळे मिस्त्री कंडेन्सर, ड्रायर आणि व्हॉल्व्हही बदलायला सांगत असतील, तर ती लूट आहे असे समजू नये. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत भाव करायला हरकत नाही, पण यादीतला ड्रायर वगळून काटकसर करू नये. उघड्या हवेत ओलावा पिऊन तो निकामी होतो, म्हणून वळसा मोठ्या कामासाठी उघडला की तो बदलतात.

गॅसचा प्रकारही पाहायला हवा. जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनचा थर फाडतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट भारी आहे. अर्धा किलो गॅस हवेत सोडून देणे म्हणजे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे तीनशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. तेवढ्या पेट्रोलमध्ये लहान गाडी पुणे-कोल्हापूर अशा जाऊन-येऊन दहा फेऱ्या करते. चांगल्या गॅरेजमध्ये जुना गॅस यंत्राने ओढून घेतात, तो यासाठी, आणि त्याचे वजन कळावे यासाठीही. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस येतो. तो तापमानवाढीच्या दृष्टीने सौम्य असला तरी किंचित ज्वलनशील आहे आणि त्यात दुसरा गॅस मिसळता येत नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचा कॉम्प्रेसर बहुधा मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याच्या केबल नारिंगी असतात आणि त्याला वीज न वाहणारे वेगळे तेल लागते. नेहमीचे तेल चुकून गेले तरी विजेचे आवरण बिघडते, त्यामुळे तिथे नेहमीच्या गॅरेजचा मोह टाळावा.

माझ्या गाडीच्या लेबलवर ४५० ग्रॅम होते. यंत्राने ओढला तेव्हा १९० निघाला. कंडेन्सर बदलला, ड्रायर त्याच्याच कडेला बसवलेला असल्याने आपोआप बदलला, दोन ओ-रिंग तेल लावून बसवल्या, पस्तीस मिनिटे व्हॅक्यूम मारला आणि कंपनीच्या मापाने तेल घालून वजनकाट्यावर ठेवलेल्या सिलिंडरमधून ४५० ग्रॅम मोजून सोडला. बाहेर ३६ अंश असताना मधल्या जाळीत थर्मामीटरने ८ अंश दाखवले. निघताना मिस्त्रींनी एकच सांगितले, की दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पुण्यात एसीचे बटण कुणी दाबत नाही, तसे करू नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चालवा, नाहीतर कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील तेलाविना कोरडे पडते आणि गळतीला नवी जागा मिळते. गेल्या जानेवारीत स्वेटर घालून एसी लावलेला पाहून शेजारच्या जोशीकाकूंनी काच ठोठावली होती.